किरकोळ नियमभंगासाठी गाडी अडवावी का? आणि मग उसाच्या ट्रॉल्यांचं काय?

मांजराकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. केज–अंबाजोगाई भागातून जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला एक निवेदन द्यायचं चाललंय. त्याचा मसुदा करताना एका मुद्द्यावर गाडं अडलंय, म्हणून इथे विचारतो.

बाजाराच्या दिवशी चौकात पोलीस उभे असतात आणि दुचाक्या बाजूला घेतात. हेल्मेट नाही, आरसा नाही, नंबरप्लेटवर नाव लिहिलंय, पीयूसी संपलीय, अशी कारणं. त्याच रस्त्यावरून हंगामात रात्रभर उसाच्या डबल ट्रॉल्या जातात. मागे दिवा नसतो, रेडियम नसतं. त्यांना मात्र कुणी हात करत नाही. आता लोकांत दोन तट पडलेत. काहींचं म्हणणं, किरकोळ गोष्टींसाठी गाडी अडवणंच बंद करा, फोटो काढा आणि चलान पाठवा. बाकीचे म्हणतात, अडवणं बंद केलं की धाकच संपला, मग उद्या लायसन्ससुद्धा कुणी काढणार नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य वाटतं. कायद्याने नेमकं काय करता येतं, 'किरकोळ' कशाला म्हणायचं, आणि अडवायचंच असेल तर कुठे व कसं, हे जाणकारांनी सांगावं. निवेदनात नुसती तक्रार नको, प्रशासनाला उद्या अंमलात आणता येईल असं काहीतरी हवंय.


कलम_एकशेतीस

मांजराकाठ दादा, आधी एक समज दूर करू. 'हवालदाराला गाडी थांबवायचा अधिकारच नाही, वरचे साहेब लागतात' असा मेसेज फिरत असतो. तो चुकीचा आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३०. गणवेशातल्या कोणत्याही पोलिसाने मागितलं तर सार्वजनिक ठिकाणी गाडी चालवणाऱ्याला लायसन्स दाखवावं लागतं. दंड जागेवर कोणत्या दर्जाच्या माणसाने घ्यायचा हे राज्य सरकार कलम २०० खाली ठरवतं, तो वेगळा विषय. लोक या दोन्हींची गल्लत करतात आणि रस्त्यावर वाद घालतात.

दुसऱ्या बाजूलाही मर्यादा आहेत. किल्ली काढून घेणं, चाकाची हवा सोडणं, चालत्या गाडीचं हँडल ओढणं, याला कायद्यात कुठेही आधार नाही. गाडी ताब्यात घ्यायची तर कलम २०७ आहे, पण ते मोजक्या कारणांसाठी: लायसन्स नसताना किंवा वय कमी असताना चालवणं, नोंदणी नसणं, परमिट नसणं असली कारणं. आरसा नाही म्हणून गाडी ठाण्यात लावता येत नाही.

कागदांचं म्हणाल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधले कागद चालतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ मध्ये तशी दुरुस्ती २०१८ मध्येच झाली. मूळ नियमात तर कागद जवळ नसतील तर १५ दिवसांत सादर करण्याचीही सोय आहे. 'ओरिजिनल दाखव' हा आग्रह त्यामुळे टिकत नाही. मात्र मोबाईलमधला साधा फोटो आणि डिजिलॉकरमधला कागद एक नव्हे. गॅलरीतला फोटो नाकारला तर तक्रार करू नका.

आता मुख्य मुद्दा. 'किरकोळ' असा वर्ग कायद्यात नाहीच. लोक दंडाच्या रकमेवरून ठरवतात आणि तिथेच फसतात. कलम १७७ ही सगळ्या सटरफटर गोष्टींची पेटी आहे, पहिल्यांदा ५०० आणि पुढे १,५०० रुपये. आरसा तिच्यात पडतो, नक्षीदार नंबरप्लेट पडते, आणि बऱ्याचदा मागचा दिवा नसणंही तिच्यातच लिहिलं जातं. याउलट विमा नसेल तर कलम १९६, पहिल्याच वेळी २,०००. आता बघा, विमा नसलेली दुचाकी समोरून गेली तर त्या क्षणी कुणाच्याही जिवाला धोका नसतो. अपघात झाल्यावर भरपाईचे हाल होतात, ते खरंच वाईट आहे, पण ते नंतरचं. मागे दिवा नसलेली ट्रॉली मात्र त्याच रात्री, त्याच रस्त्यावर कुणाचा तरी जीव घेऊ शकते. दंड तिला कमी.

म्हणून निवेदनात रकमेची कसोटी लावू नका. एकच प्रश्न लावा: ही गाडी आहे तशी पुढे गेली तर धोका पुढे जातो का? जात असेल तर थांबवा, आणि धोका दूर झाल्याशिवाय सोडू नका. जात नसेल तर नंबर टिपा आणि जाऊ द्या. पहिल्या खान्यात दारू, रात्री दिव्याविना गाडी, अल्पवयीन चालक, उलट्या दिशेने येणारा, टपावर माणसं बसवलेली जीप. दुसऱ्या खान्यात पीयूसी, विमा, नंबरप्लेट, पार्किंग, दिवसाउजेडी नसलेला आरसा.

हेल्मेटवर मत बाजूला ठेवतो. त्यावर इथे भांडण होणार हे दिसतंय.


नाका_नकाशा

वरची कसोटी पटली. तिच्यात एक भर घालतो. अडवणं ही कृती स्वतःच धोकादायक असते, आणि ती कुठे व कशी केली यावर तिचा फायदा-तोटा ठरतो.

साधा हिशोब करा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. पोलीस अचानक पुढे आला तर चालकाला कळून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीड सेकंद धरा, २५ मीटर गेले. मग ब्रेक लागून थांबायला आणखी २० ते २५. म्हणजे ४५–५० मीटरच्या आत कुणी रस्त्यात उडी मारून हात केला, तर दुचाकीवाला थांबू शकत नाही. तो वळवतो. डावीकडे पोलीस उभा, म्हणजे तो उजवीकडे काढतो, आणि उजवीकडे मागून ट्रक येत असतो. हेल्मेटच्या दंडासाठी केलेली अडवणूक जिवावर बेतते ती अशी.

पाठलागाचं तर नावच नको. २०१८ मध्ये तमिळनाडूत त्रिचीजवळ हेल्मेट तपासणीला न थांबलेल्या दुचाकीचा पोलीस अधिकाऱ्याने पाठलाग केला, लाथ मारून गाडी पाडली आणि मागे बसलेल्या महिलेचा मृत्यू झाला. निवेदनात हे वाक्य स्वतंत्र आणि ठळक लिहा: दुचाकी थांबली नाही तर पाठलाग नाही, काठी आडवी करायची नाही, हँडल धरायचं नाही. नंबर आहे, पत्ता आहे, चलान घरी जातं.

जागा. वळण संपल्यावर लगेच, उताराच्या पायथ्याशी, पुलाच्या तोंडावर किंवा झाडाच्या सावलीत आडोशाला नाका लावू नये. आडोसा घेतला की पकडल्या जाणाऱ्या गाड्या वाढतात हे खरं, पण त्याच प्रमाणात अचानक ब्रेकही वाढतात. चालकाला नाका निदान १५० मीटर आधी दिसला पाहिजे. म्हणजे ६० च्या वेगात त्याला नऊ सेकंद मिळतात. कुणी दुरूनच मागे वळून गेला तर जाऊ द्या.

रचना अशी ठेवा. आधी 'पुढे तपासणी, वेग कमी करा' असा चमकणाऱ्या अक्षरांचा फलक. मग कोन तिरक्या रांगेत, म्हणजे गाड्या आपोआप डावीकडे आणि हळू होतात. बॅरिकेड आडवी एकाच रेषेत लावू नका, नागमोडी लावा. वेग कमी करायला माणूस लागत नाही, बॅरिकेड पुरतं. थांबवणारा माणूस बॅरिकेडच्या मागे, रेडियमचं जॅकेट घालून, हातात लाल दिव्याची कांडी. तपासणीची जागा डांबराच्या बाहेर, जिथे एका वेळी पाच-सहा दुचाक्या उभ्या राहू शकतात. रांग डांबरावर आली की उभ्या असलेल्या सगळ्यांना सोडून द्यायचं आणि रस्ता मोकळा झाल्यावर पुन्हा सुरू करायचं. एवढा एक नियम पाळला तरी नाक्यावरची मागून धडक बऱ्याच अंशी टळते.

सोलापूर–धुळे महामार्गावर, म्हणजे ५२ क्रमांकावर, चालत्या लेनमध्ये कुणालाच अडवू नये. टोलनाक्यावर वेग आधीच शून्यावर आलेला असतो, तपासणी तिथे करा. ट्रक थांबायच्या जागांवर करा. तुळजापूर–लातूर–नांदेडकडे जाणाऱ्या ३६१ वरही तेच. समृद्धीवर तर दुचाकी आणि तीनचाकीला मुळात बंदी आहे, तिथे सगळी तपासणी चढण्या-उतरण्याच्या इंटरचेंजवरच व्हायला हवी. १२० च्या वेगात कुणाला बाजूला घेणं हा आत्मघात आहे, पोलिसाचाही.

आणि बाजाराच्या दिवशी भर चौकात तपासणी का नको, हेही लिहा. तिथे वेग १५–२० चा असतो, रस्ता आधीच भरलेला असतो. तिथली खरी अडचण कोंडी. नाका लागला की कोंडी वाढते आणि रुग्णवाहिका अडकते. चौकातल्या पोलिसाने चौक वाहता ठेवावा, पावत्या फाडत बसू नये.


शिस्तप्रिय_जालना

मला यातलं बरंच पटतं, पण 'नंबर टिपा आणि जाऊ द्या' यावर आक्षेप आहे.

पहिली गोष्ट हेल्मेट. ते दुसऱ्या खान्यात ढकलू नका. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ लोक मेले. त्यांत १४,३३७ जण मागे बसलेले होते. हा आकडा किरकोळ कसा म्हणायचा? कलम १९४ड मध्ये हजार रुपये आणि तीन महिने लायसन्स अपात्र अशी तरतूद आहे, म्हणजे कायदाही याला किरकोळ मानत नाही.

दुसरी गोष्ट. थांबवल्याशिवाय कळतच नाही अशा बाबी आहेत. दारू कॅमेऱ्याला दिसत नाही. लायसन्स आहे की नाही ते दिसत नाही. चोरीची गाडी, बदललेली नंबरप्लेट, चालवणारं पोर पंधरा वर्षांचं आहे की एकोणीसचं, यातलं काहीच फोटोत येत नाही. छोट्या कारणासाठी थांबवलं म्हणूनच मोठी भानगड सापडते. पोलिसांचा अर्धा तपास असाच लागतो.

तिसरी, चलान घरी जातं म्हणता, पण लोक भरतात कुठे? ढीग साठतो आणि गाडी विकायच्या वेळी रडारड.


कलम_एकशेतीस

शिस्तप्रिय सर, दुसरा मुद्दा वजनदार आहे, त्याला नीट उत्तर देतो.

'छोटं कारण दाखवून मोठं शोधायचं' ही पद्धत अमेरिकेत फार वापरली गेली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व्रेन खटल्यात तिला मान्यताही दिली: नियमभंग खरोखर झाला असेल तर पोलिसाच्या मनातला हेतू काय होता हे बघायचं नाही. त्याचा परिणाम असा झाला की कुणाला थांबवायचं हे चेहरा आणि गाडी बघून ठरू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. फिलाडेल्फिया शहराने मार्च २०२२ पासून आठ किरकोळ बाबींसाठी, उदाहरणार्थ बाकीचे दिवे चालू असताना एखादाच बंद असणं, निव्वळ तेवढ्यासाठी गाडी थांबवायची नाही असा नियम केला. तिथे चिठ्ठी देता येते, पण गाडी बाजूला घेता येत नाही. आपल्याकडे तसंच्या तसं उचलायची गरज नाही. पण निवड चेहऱ्यावरून होऊ नये हा धडा इथेही लागू आहे. आपल्याकडे धोतर-टोपी घातलेला, जुन्या गाडीवरचा माणूस बाजूला घेतला जातो आणि काळ्या काचांची मोठी गाडी सुसाट जाते, हे सगळ्यांना दिसतं.

यावर उपाय ठरलेला आहे. निवड माणसाने करायची नाही, क्रमाने करायची. दर पाचवी गाडी, किंवा दहा मिनिटांत येणाऱ्या सगळ्या. क्रम बदलायचा असेल तर नाका सुरू होण्याआधी, वहीत लिहून.

दारूसाठीची नाकाबंदी वेगळी काढा, रात्री आणि ढाब्यांच्या पुढच्या बाजूला. कलम २०३ खाली गणवेशातला पोलीस श्वासाची चाचणी घेऊ शकतो, पण त्याला संशयाला वाजवी कारण हवं: वास, तोंडातले शब्द, गाडीची चाल. मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. हे काम हेल्मेटच्या नाक्यात मिसळलं की दोन्ही अर्धवट होतात. दुपारी बाराच्या नाक्यावर दारूडे सापडत नाहीत.

अल्पवयीनांसाठी तर रस्ता ही चुकीचीच जागा. पंधरा वर्षांच्या पोराला हात केला तर ते घाबरून पळणार आणि आपटणार. लातुरात उद्योग भवनाच्या ट्यूशन एरियात शेकडो दुचाक्या उभ्या असतात. तिथे पार्किंगमध्ये, क्लास सुटायच्या वेळी उभं राहा, गाडी उभी असतानाच किल्ली कुणाच्या खिशात आहे ते कळतं. कलम १९९अ मध्ये पालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. हे पालकांना माहीतच नसतं. क्लासच्या दारावर एवढं लिहिलं तरी निम्मं काम होईल.

हेल्मेटही तसंच. थांबवू नका म्हणत नाही, जिथे गाडी आधीच थांबलेली असते तिथे गाठा म्हणतो. पेट्रोलपंप, कॉलेजचं फाटक, चिकलठाणा-वाळूजसारख्या एमआयडीसीत कंपनीचं गेट, सरकारी कार्यालयाचं आवार. तिथे पावती फाडली तरी कुणी ट्रकखाली जात नाही. आणि हनुवटीचा पट्टा बांधला आहे का ते तिथेच बघता येतं. पट्टा न बांधलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत उडून जातं, कॅमेऱ्याला मात्र ते हेल्मेटच दिसतं.


गॅरेज_अहमदपूर

सगळे दुचाकीवरच बोलायलेत. मांजराकाठ भाऊंनी ट्रॉलीचं विचारलंय, त्याचं सांगतो. कारण तिथं दंडापेक्षा वायरचा प्रश्न मोठाय.

ट्रॉलीचा मागचा दिवा का बंद असतो? मालकानं लावलेला नसतो असं दरवेळी नसतं. हंगामाच्या सुरवातीला लावलेला असतो, पंधरवड्यात जातो. कारणं ठरलेली. ट्रॅक्टरच्या हेडपासून पहिल्या ट्रॉलीला आणि तिथून दुसरीला वायर जाते. फडात वळताना ती चाकात सापडून तुटते. सॉकेटमध्ये चिखल जातो. आणि सगळ्यात जास्त म्हणजे अर्थिंग. बरेच जण एकच वायर टाकतात आणि अर्थिंग जोडपिनेतून घेतात. पिन गंजली, ग्रीस लागलं, हिसका बसला की दिवा फडफडतो न् बंद पडतो. अर्थिंगची स्वतंत्र वायर टाकली, रबरी नळीतून घेतली आणि जोडाजवळ वीतभर ढील ठेवली तर हंगाम निघतो. बल्बपेक्षा एलईडीचा सीलबंद दिवा घ्या, हिसक्याने फिलामेंट तुटायचा प्रश्नच राहत नाही.

दुसरी भानगड भरतीची. दिवा चालू असतो पण दिसत नाही. ऊस मागच्या फाळक्याच्या बाहेर हात-दीड हात येतो, वाढे खाली लोंबतात, दिवा आणि रेडियम दोन्ही झाकून जातात. म्हणून रिकाम्या ट्रॉलीवर केलेली तपासणी फुकट. भरल्यावर बघायला पाहिजे. उपाय स्वस्तय: बांबूला लाल दिवा बांधून तो उसाच्या शेवटच्या टोकाला लटकवायचा, वायर वरून न्यायची. आणि रेडियम पट्टी फाळक्यावर न लावता खाली चासीच्या आडव्या पट्टीवर आणि दोन्ही बाजूंच्या कडांवर लावायची, म्हणजे झाकत नाही. दोन इंची रोल मिळतो. धूळ आणि ऑइल पुसून, कापडाने कोरडं करून मगच चिकटवा, नाहीतर दोन दिवसांत सोलून निघते. मागं लाल, पुढं पांढरी. उलटं लावलं तर मागून येणाऱ्याला वाटतं समोरून गाडी येते.

वरचा हिशोब इथं लावून बघा. डिपरमध्ये कारला पुढचं ४०–५० मीटर नीट दिसतं. ८० च्या वेगात थांबायला ७५ मीटर लागतात. म्हणजे बिनादिव्याची ट्रॉली दिसली तेव्हाच वेळ गेलेली असते, ड्रायव्हर कितीबी हुशार असू द्या. समोरून लाईट मारत गाडी आली तर तेवढंसुद्धा दिसत नाही. म्हणून याला किरकोळ म्हणू नका.

आता अडवायचं कुठं? रस्त्यावर भरलेली डबल ट्रॉली थांबवली तर ती तिथंच अंधारात उभी राहिली, म्हणजे धोका वाढला. चढावर थांबवली तर उचलताना क्लच जळतो नाहीतर मागं सरकते. दंड घेऊन सोडली तर तशीच अंधारात पुढं गेली, मग उपयोग काय? रस्त्यावर अडवायची गरजच नाही. प्रत्येक ट्रॉली कारखान्याच्या वजनकाट्यावर थांबतेच. तिथं भरलेली असते, उजेड असतो, रांगेत तास-तास उभी असते. काट्यावर एक माणूस, एक रेडियमचा रोल, एक टेस्टर, चार सीलबंद दिवे. दिवा नाही तर आधी दिवा, मग काटा. खर्च वाहतुकीच्या बिलातून वळता करायचा. टोळीच्या मुकादमाला आणि ट्रॅक्टर मालकाला हे करार करतानाच सांगायचं. बैलगाड्यांनापण मागच्या आखरीवर आणि बैलांच्या शिंगांना रेडियम लावून द्यायचं, त्यांना तर बॅटरीच नसते.

आणि एक. पंक्चर झालेली ट्रॉली रस्त्यात सोडून जातात, चाकाला न् मागं दगड लावतात. ट्रॉली निघून जाते, दगड तसेच राहतात. दुचाकीवाला रात्री त्यावर जातो. दगड उचलले का, हे बघणं पोलिसाचं नाही तर कुणाचं काम? दिसले तर ११२ ला कळवा, राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ ला.


ई_चलान_मदत

शिस्तप्रिय यांनी ढिगाचं विचारलं, त्याबद्दल.

फोटोवर चलान हा मार्ग चांगला आहे, पण तो नीट चालला तरच. २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७अ हा नियम आला. त्यात स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीडगन, अंगावरचा कॅमेरा असं सगळं धरलंय. कॅमेऱ्यातून झालेल्या नियमभंगाची नोटीस १५ दिवसांत पाठवायची असते, आणि तिच्यात फोटो, ठिकाण, तारीख, वेळ, कोणत्या कलमाचा भंग हे असायला हवं. चलान आलं की भरायच्या आधी हा फोटो उघडून बघा. घाईने भरलं की नंतर भांडायला जागा राहत नाही.

चुका ठरलेल्या असतात. हाताने नंबर टाकताना २३ चं २५ होतं आणि बीडच्या माणसाचं चलान धाराशिवच्या गाडीला बसतं. फोटोतली गाडी स्प्लेंडर आणि तुमची स्कूटी, असं दिसलं तर ई-चलानच्या पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक ॲपवर तक्रार टाका, आरसीची प्रत आणि आपल्या गाडीचा मागून-पुढून फोटो जोडा. नाही मिटलं तर जिल्हा वाहतूक शाखेत लेखी अर्ज, पोच घेऊन. चलान मान्यच नसेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे बाजू मांडता येते. जुने थकलेले चलान राष्ट्रीय लोकअदालतीत तडजोडीला घेतले जातात, तिथे जाऊन निकाली काढा.

मेसेज येतच नाही, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच: गाडी टीटी फॉर्मवर (मालकी बदलाच्या अर्जावर) सही करून विकलेली, नाव बदललेलंच नाही, आरटीओत मोबाईल नंबर पहिल्या मालकाचा किंवा शोरूमवाल्याचा. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. नमुना २९ आणि ३०. हे न केल्याने कुणाचा तरी दंड कुणाच्या तरी नावावर साठत राहतो, आणि अपघात झाला तर भरपाईच्या दाव्यातही जुनाच मालक ओढला जातो. परिवहनच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबर बदलता येतो, आरसी, चेसिस आणि इंजिन नंबर हाताशी ठेवा.

पोलिसांच्या बाजूने एक अट घाला. फोटो अधिकृत मशीनवरच. पोलिसाने स्वतःच्या मोबाईलवर फोटो काढून नंतर सवडीने चलान टाकायचं, यावर राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये परिपत्रक काढून मनाई केली आहे. ते निवेदनाला जोडा.


मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. यातून मसुदा असा होतोय, बघा.

हंगामात रोज रात्री कारखान्याच्या काट्यावर ट्रॉलीची दिवा-रेडियम तपासणी, दुरुस्ती जागेवर. बाजाराच्या दिवशी चौकात कागद तपासणी बंद, पोलीस फक्त वाहतूक चालती ठेवतील. हेल्मेटची तपासणी पेट्रोलपंप आणि कार्यालयांच्या फाटकावर. अल्पवयीनांची तपासणी क्लासच्या पार्किंगमध्ये. दारूची नाकाबंदी रात्री, ठरलेल्या क्रमाने. पाठलाग आणि किल्ली काढणं पूर्ण बंद. पीयूसी, विमा, नंबरप्लेट यांसाठी फक्त फोटो आणि चलान.

निवेदन पोलीस अधीक्षकांच्या नावे लिहावं का? काही सुटलंय का?


शिस्तप्रिय_जालना

माझा आक्षेप बराचसा मिटला. एकच राहतो: फोटोवाल्या खान्यात नंबरप्लेटच वाचता येत नसेल तर फोटोचा उपयोग शून्य. दुमडलेली, चिखल फासलेली, नंबर खोडलेली प्लेट असेल तर ती गाडी थांबवायलाच हवी, नाहीतर ज्याने नंबर लपवला तोच सुटतो. नुसती नक्षी किंवा नाव लिहिलेलं असेल आणि नंबर वाचता येत असेल तर फोटो ठीक. हा फरक मसुद्यात करा. १ एप्रिल २०१९ पासूनच्या गाड्यांना कंपनीचीच उच्च सुरक्षा प्लेट येते, ती काढून दुसरी लावलेली असेल तर तेही थांबवायचं कारण धरा.


कलम_एकशेतीस

हा फरक योग्य आहे, घाला.

निवेदन एकट्या पोलीस अधीक्षकांना देऊ नका. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, त्यांच्या नावे लिहा. प्रती पोलीस अधीक्षक, अंबाजोगाईचे उपप्रादेशिक परिवहन अधिकारी, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि साखर विभागाचे प्रादेशिक सहसंचालक यांना. शेवटचं नाव लोक विसरतात. काट्यावरची तपासणी पोलिसांच्या हातात नाही, कारखान्याला सूचना तिथूनच गेली तर ती ऊस वाहतुकीच्या करारात येते.

क्रमही बदला. ट्रॉलीचा मुद्दा पहिला ठेवलात ते बरोबर, त्याच्यालगत पाठलागबंदी घ्या. चौकातली तपासणी बंद करण्याची मागणी खाली सरकवा. ती वर राहिली तर पोलीस खात्याला वाटेल की दंड टाळण्यासाठीच हा खटाटोप चाललाय, आणि बाकीचं कुणी वाचणार नाही.


गॅरेज_अहमदपूर

गाळप साधारण नोव्हेंबरात सुरू होतं, पण मुकादमांचे आणि ट्रॅक्टरवाल्यांचे करार पावसाळ्यातच होतात. निवेदन दसऱ्याला दिलं तर या हंगामात काही होणार नाही. जून-जुलैत द्या. अन् काट्यावर नुसतं 'दिवे तपासले' असं रजिस्टर ठेवू नका. ट्रॅक्टरचा नंबर, ट्रॉली एक, ट्रॉली दोन, डावा दिवा, उजवा दिवा, रेडियम, असे सहा रकाने करा. दुसऱ्या ट्रॉलीचा रकाना वेगळा नसेल तर तपासणारा पहिलीच बघून टिक मारतो, आणि मागून येणाऱ्याला तर दुसरीच दिसते.